धातूची पाठ

आयर्लंडमध्ये टारा ब्रोच या झग्याला टोचायच्या प्राचीन दागिन्याची छायाचित्रं जागोजागी दिसतात, आणि बहुतेक सगळी समोरून काढलेली असतात. सोन्याच्या अतिबारीक तारेतून घडवलेले, एकमेकांत गुंतलेले प्राणी, अंबरचे तुकडे, रंगीत काचेचे खडे आणि कडेला लोंबणारी विणलेली साखळी, इतकं सगळं जेमतेम पावणेनऊ सेंटिमीटरच्या कड्यावर मावलेलं आहे. पाहणारा तिथेच थक्क होतो आणि पुढच्या वस्तूकडे वळतो. मीही कितीतरी वेळा अशीच वळले असेन. पण हातोडी हातात आल्यापासून मला या ब्रोचची पाठ जास्त ओढ लावते.

या ब्रोचला मागूनही नक्षी आहे, आणि ती पुढच्या बाजूइतक्याच जिद्दीने केलेली आहे. फक्त भाषा वेगळी. पुढे प्राण्यांची गुंतागुंत आहे. मागे सपाट पृष्ठावर वळसे, चक्राकार वेली, तीन-तीनच्या आवर्तात फिरणाऱ्या रेषा आहेत. ब्रोच घडला इसवी सन ७००च्या आसपास. मागची नक्षी मात्र त्याच्याही कित्येक शतकं आधीच्या, लोहयुगातल्या केल्टिक, म्हणजे युरोपातल्या केल्ट या प्राचीन लोकांच्या, शैलीची आठवण करून देणारी. म्हणजे सोनाराने त्या काळातली सगळ्यात नवी कलाकुसर जगाला दाखवायला पुढे ठेवली आणि पूर्वजांची रेषा मागे, अंगाला लागून. ब्रोच झग्याला टोचला की ती बाजू लोकरीवर टेकायची. घालणाऱ्याखेरीज ती कुणाला दिसण्याची शक्यता नव्हती. त्या सोनाराच्या मनात नेमकं हेच होतं, असा दावा मी करणार नाही. पण एवढं निगुतीचं काम झाकल्या जागी कुणी सहज करत नाही, हे हाताने काम करणाऱ्या कुणालाही पटेल.

हा ब्रोच १८५० साली मीथ परगण्यात बेटिसटाउनजवळ सापडला. समुद्रकिनाऱ्यावर सापडला अशी तेव्हाची हकीकत आहे. टारा ही प्राचीन आयरिश राजांची टेकडी. तिचा आणि या ब्रोचचा काहीही संबंध नाही. जॉर्ज वॉटरहाउस या डब्लिनच्या जवाहिऱ्याने तो विकत घेतला, नाव भारदस्त हवं म्हणून टाराचं दिलं आणि त्याच्या प्रतिकृती करून विकायला सुरुवात केली. १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ब्रोच मांडला गेला आणि केल्टिक दागिन्यांची लाटच आली. ती अजून ओसरलेली नाही. डब्लिनच्या दुकानांत दिसणारं गाठींच्या नक्षीचं लॉकेट मी हातात घेतलं की आधी उलटं करते. मागे बहुधा सपाट चांदी असते आणि शुद्धतेचा शिक्का. विकणाऱ्याचा दोष नाही, त्या किमतीत तेवढंच होणार. पण प्राचीन कामापासून 'प्रेरणा' घ्यायची म्हणजे पृष्ठावरची नक्षी उचलायची, असं जे आपण धरून चालतो, तिथे काहीतरी निसटतं असं मला मनापासून वाटतं. नक्षी उचलणं सोपं आहे. काम करण्याची रीत उचलावी लागते.

ती रीत मी शिकायला लागले ती तांब्यावर. इथे डब्लिनमध्ये एका सामायिक कार्यशाळेत संध्याकाळी जागा मिळते. एक वयस्क कारागीर शिकवतात, फार बोलत नाहीत. सोनं-चांदी परवडत नाही म्हणून तांबं, हे खरं. पण तांबं हा उठावकामाचा उत्तम गुरूही आहे. पितळ लवकर रुसतं, तांबं बरंच सोसतं.

काम असं चालतं. राळ, विटेची पूड आणि थोडी चरबी एकत्र वितळवून एका जड लोखंडी वाडग्यात ओतलेली असते. गरम असताना ती लोण्यागत मऊ आणि गार झाली की घट्ट, तरी ठोक्याखाली किंचित दबणारी. तिच्यावर तांब्याचा पत्रा बसवायचा. छोट्या बोथट छिन्नीने आधी समोरून रेषा मारायच्या. मग पत्रा उपटून, चिकटलेली राळ जाळून, मंद लाल होईतो तापवायचा. ठोकून ठोकून तांबं ताठर झालेलं असतं, ते तापवल्यावर पुन्हा मऊ येतं. पाण्यात विझवायचं आणि आता उलटं करून राळेत बसवायचं. जी नक्षी वर यायला हवी, ती मागून गोल तोंडाच्या ठशांनी ढकलायची. पुन्हा सुलटा, पुन्हा रेषा, पुन्हा तापवणं. एका वळशाला अशी कितीतरी उलथापालथ होते. म्हणजे अर्ध्याहून जास्त वेळ समोर असते ती पाठच. तिथे उंचवटा म्हणजे खळगा, डावं म्हणजे उजवं. जो चेहरा पुढे दिसणार, तो मागून घडत असतो आणि घडवताना दिसत नसतो. तो बोटाने चाचपावा लागतो. नजर आणि बोट यांच्यात असा एक विश्वास तयार व्हायला वेळ लागतो, आणि झाला की फार आनंद होतो.

लाफनाशेडचं रणशिंग मी याच कामामुळे नीट पाहू लागले. लाफनाशेड हे आर्मा परगण्यातलं छोटं तळं. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथला निचरा करताना कांस्याची चार मोठी शिंगं सापडली. तीन हरवली, एक डब्लिनच्या संग्रहालयात आहे. त्याच्या तोंडाशी एक चकती आहे, तिच्यावर उठावाच्या वेली. लोक चकती बघतात. मी नळीचा सांधा बघत उभी राहते. पत्रा गुंडाळून केलेली ती लांब वळणदार नळी, आणि सांध्याला आतून एक पट्टी बारीक रिव्हेट, म्हणजे टोकं ठोकून पसरवायच्या खिळ्या, मारून बसवलेली. वळलेल्या, अरुंद नळीच्या आत रिव्हेट! आत कशाचा आधार दिला असेल, ऐरणीचं टोक कुठून घातलं असेल? आमच्या कार्यशाळेत यावर एक अख्खी संध्याकाळ वाद रंगला. चकतीची नक्षी आमच्यापैकी कुणीही चिकाटीने करू शकेल. सांध्यापाशी मात्र सगळे गप्प.

रेखाटनाबद्दल सांगायलाच हवं, कारण तिथे मराठी हाताला एक आयती सोय आहे. गाठींची नक्षी, म्हणजे वर-खाली गुंफत जाणारी न तुटणारी पट्टी, ठिपक्यांच्या जाळीवर मांडता येते. ठिपके समान अंतरावर, रेषा त्यांच्यामधून वळत जाणारी, कडेला आली की परत फिरणारी. दारातली ठिपक्यांची रांगोळी ज्यांनी लहानपणी काढली आहे, त्यांचा हात इथे अडखळत नाही. रेषा कुठे तोडायची म्हणजे नवी गाठ तयार होते, हे मला समजावून सांगावं लागलं नाही. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या लिंडिसफार्न मठातला आठव्या शतकाच्या सुरुवातीचा जो प्रसिद्ध सचित्र ग्रंथ आहे, त्याच्या नक्षीदार पानांच्या मागच्या बाजूला आजही जाळीच्या रेषा, कंपासच्या टोकाची भोकं आणि टोचणीच्या खुणा दिसतात. पुढे रंगांचा उत्सव, मागे त्याचं गणित. इथेही पाठ!

मात्र ज्याला आज सगळं जग केल्टिक गाठ म्हणून ओळखतं, ती गाठ जुन्या केल्टिक धातुकामात जवळजवळ नाहीच. स्वित्झर्लंडमध्ये नूशातेल तलावाचं पाणी १८५७ साली उतरलं तेव्हा ला तेन नावाच्या जागी लोहयुगातल्या वस्तूंचा प्रचंड साठा उघडा पडला आणि त्या शैलीला त्या जागेचं नाव मिळालं. त्या शैलीत वळसे आहेत, कर्ण्यासारख्या रुंदावणाऱ्या वेली आहेत, पान आहे की पक्ष्याचं डोकं हे ठरवता येऊ नये असे आकार आहेत. गुंफलेल्या पट्ट्या आल्या त्या नंतर, भूमध्य समुद्राकडून आणि जर्मानिक टोळ्यांच्या सोनारांकडून, ख्रिस्ती मठांच्या काळात. आयरिश हातांनी त्या आपल्याशा केल्या. यामुळे गाठ कमअस्सल ठरत नाही. उलट मला त्या सोनारांचा मोठेपणा इथेच दिसतो. त्यांनी नवं आत्मसात केलं आणि जुनं टाकून दिलं नाही. पण शिकणाऱ्याने आधी वळसा शिकावा असं माझं ठाम मत आहे. गाठीत चूक लगेच कळते, कारण वर-खालीचा क्रम बिघडतो. वळशाला असा कुठला नियम तारत नाही. कंपासने चाप काढून घेतले तरी दोन चापांच्या मधली उरलेली जागा डौलदार झाली पाहिजे, कारण त्या शैलीत रिकामी जागा हीसुद्धा नक्षीच असते. इंग्लंडमध्ये सापडलेल्या लोहयुगीन कांस्य आरशांच्या पाठी बघा. होय, आरशांच्याही पाठीच! बारीक रेघांनी भरलेले भाग आणि गुळगुळीत सोडलेले भाग यांतलं कोणतं चित्र आणि कोणती पार्श्वभूमी, हे पाहता पाहता बदलत राहतं. समोर चेहरा बघायचा आणि सगळी कला मागे.

आता चषकांकडे येते, कारण माझ्या मनातलं सगळं तिथे गोळा झालेलं आहे.

१८६८ साली लिमरिक परगण्यातल्या आर्डा गावाजवळ एका जुन्या गोलाकार गढीत दोन तरुण बटाटे खणत होते. जमिनीतून चांदीचा दोन कानांचा एक चषक निघाला. जेमतेम १८ सेंटिमीटर उंच, आठव्या शतकातला, साडेतीनशेहून जास्त सुट्या भागांतून जुळवलेला. लांबून पाहिला तर साधा वाटतो. चांदीचा मोठा शांत कटोरा आणि त्याच्याभोवती फिरलेला सोन्याचा एक पट्टा. त्या पट्ट्याखाली प्रेषितांची नावं कोरलेली आहेत, इतकी हलकी की उजेड नीट पडल्याशिवाय वाचता येत नाहीत. सोन्याच्या पट्ट्यांमधले प्राणी कसे केले आहेत ते ऐकण्यासारखं आहे. सोन्याचा तलम पत्रा मागून दाबून प्राण्याचं अंग उठवायचं, त्यावर बारीक तारा आणि सोन्याचे कण जोडायचे, मग प्राण्याभोवतीचा पत्रा कापून काढायचा आणि ती जाळी दुसऱ्या सपाट सोन्यावर ठेवायची. त्यामुळे प्राणी खालच्या तळापासून सुटा, अधांतरी दिसतो. हे सगळं नखाएवढ्या जागेत.

आणि हा चषक उचलला की पायाच्या तळाशी मधोमध स्फटिकाचा एक मोठा गोल मणी आहे, भोवती पुन्हा सोन्याचं तारकाम. टेबलावर ठेवलेल्या चषकाचं बूड कोण बघणार? धर्मविधीत पुरोहित तो उंच धरायचा, तेव्हा समोरच्या भाविकांना ते दिसत असेल असं म्हणतात. तसं असेलही. मला स्वतःला ते बूड फक्त दुसऱ्यांसाठी घडवलं होतं असं वाटत नाही. देवाला द्यायच्या वस्तूला न दिसणारी बाजू असू शकत नाही, अशी त्या मठातल्या कारागिरांची श्रद्धा असावी. मी काही त्या धर्माची नाही, पण हा विचार मला जवळचा आहे.

त्याहून जवळची वाटते ती डेरिनाफ्लानची तबकडी. टिपररी परगण्यातल्या दलदलीच्या मधोमध उंचवट्यावर एका जुन्या मठाचे अवशेष आहेत. १९८० साली एका बापलेकांना तिथे धातुशोधक यंत्राने चषक, तबकडी, तिचं बूड ठेवायचं कडं आणि गाळणी असा संच सापडला. त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या आणि पुढे आयर्लंडचा पुरातत्त्व कायदाच बदलला. तो इतिहास मोठा आहे, पण मला सांगायचं आहे ते तबकडीच्या दुरुस्तीच्या वेळी दिसलेल्या खुणांबद्दल. सुटे भाग एकमेकांवर बसतात त्या झाकल्या पृष्ठांवर सोनाराने अक्षरं आणि चिन्हं कोरून ठेवली होती. हा तुकडा इथे, तो तिथे. जोडणी झाल्यावर ती अक्षरं बाराशे वर्षं कुणाला दिसली नाहीत. अक्षरांच्या वळणावरून जाणकारांना तबकडीचा काळ आठव्या शतकाकडे नेता आला. म्हणजे त्या कारागिराला लिहिता येत होतं, किंवा लिहिता येणारा कुणी त्याच्या शेजारी बसला होता. टारा ब्रोचने मला विस्मय दिला, पण या अक्षरांनी पहिल्यांदा एक माणूस दिला. कामात गोंधळ होऊ नये म्हणून खुणा करणारा, आपल्यासारखा माणूस.

त्याच तबकडीच्या कडेला तारेची विणलेली किनार आहे. टारा ब्रोचची साखळीही विणलेलीच. तशा विणीच्या साखळ्या एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी तिरुचिरापल्लीच्या सोनारांकडून नेल्या होत्या, त्यामुळे पुरातत्त्वाच्या पुस्तकांत या विणीला त्रिचनापल्लीचं नाव चिकटलं. कावेरीकाठची वीण आणि आयरिश वीण यांचा उगम एक आहे असा याचा अर्थ नाही. तार मऊ असेल आणि माणसाला दोन बोटं असतील तर ही वीण कुठेही सुचू शकते.

भारतातले मित्र मला नेहमी विचारतात ते गुंडेस्ट्रपच्या पात्राबद्दल. १८९१ साली डेन्मार्कमधल्या एका दलदलीत पीट खणताना चांदीच्या पत्र्यांचा ढीग सापडला. सुटे करून ठेवलेले ते पत्रे जोडले तेव्हा ६९ सेंटिमीटर व्यासाचं, जवळजवळ नऊ किलो वजनाचं पात्र उभं राहिलं. आतल्या एका पत्र्यावर शिंगं असलेला, मांडी घालून बसलेला एक देव आहे, भोवती प्राणी. मोहेंजोदडोची मुद्रा आठवणारच. दुसऱ्या पत्र्यावर हत्तीसुद्धा आहेत. पण त्या मुद्रेत आणि या पात्रात दोन हजार वर्षांची दरी आहे आणि मधला पूल कुणी दाखवलेला नाही. मला उलट त्या चांदीवरचे हात मोलाचे वाटतात. पात्राचं तंत्र आग्नेय युरोपातल्या थ्रेशियन सोनारांकडे बोट दाखवतं, देवाच्या हातातलं वळलेलं कंठभूषण केल्टिक आहे, आणि सापडलं डेन्मार्कमध्ये. प्रेरणा कुणाची, हात कुणाचे, चांदी कुणाची, हे तेव्हाही एका गावात मावत नव्हतं. पुण्याहून आलेल्या बाईने डब्लिनमध्ये वळसे ठोकावेत की नाही, हा प्रश्न मला त्या पात्रापाशी उभं राहिल्यावर पडेनासा झाला.

आयर्लंडमध्ये या वस्तू नुसत्या काचेआड नाहीत. गेलिक फुटबॉलच्या अखिल आयर्लंड स्पर्धेचा सॅम मॅग्वायर कप आर्डा चषकाच्या घाटावर घडवलेला आहे. १९२८ पासून हा कप जिंकणाऱ्या संघाला मिळतो, फक्त १९८८ पासून मूळ कपाऐवजी त्याची प्रतिकृती दिली जाते. जिंकलेल्या परगण्यात तो शाळाशाळांतून फिरतो, लहान मुलं त्याला मिठ्या मारतात. आणि ज्याने नक्कल न करता वारसा कसा घ्यावा हे दाखवलं, तो माझ्या मते आर्चिबाल्ड नॉक्स. जन्म १८६४, आइल ऑफ मॅन बेटावर. तिथल्या जुन्या कोरीव क्रूसशिळा पाहत तो वाढला आणि लंडनच्या लिबर्टी या दुकानासाठी चांदीत आणि प्यूटर या कथलाच्या मिश्रधातूत घड्याळं, फुलदाण्या, डब्या यांचे आराखडे केले. वस्तूंवर त्याचं नाव नसायचं. त्याच्या घड्याळावर जुनी गाठ जशीच्या तशी क्वचितच दिसते. पण रेषा देठासारखी वर चढते, दुसऱ्या रेषेखालून जाते आणि मधली जागा मोकळी श्वास घेते. ला तेन शैलीच्या आरशाची पाठ ज्याने समजून घेतली आहे त्याचाच हा हात.

सध्या मी तांब्याची एक झाकणाची डबी करते आहे. झाकणावर तीन बाहूंचं आवर्त, तिन्ही टोकांना पक्ष्याची डोकी. बॅन नदीत सापडलेल्या कांस्य चकतीवर असं आवर्त आहे, ती बेलफास्टच्या संग्रहालयात पाहता येते. माझे पक्षी वेगळे आहेत. एक बंड्या, एक खंड्या आणि एक इथला लाल छातीचा रॉबिन असं ठरवलं होतं, पण वळशाने बंड्याला जागा दिली नाही, म्हणून तिथे टिटवी आली. झाकणाची आतली बाजू मी घासून सपाट केलेली नाही. ठशांचे खळगे तसेच ठेवून फक्त त्यांच्या कडा मऊ केल्या आणि मधल्या जागेत बारीक रेघा भरल्या. डबी उघडणाऱ्याला तिथे आवर्त उलट दिशेने फिरताना दिसेल.

कडं, बिजागरी, झाकण आणि तळ हे भाग वेगळे घडवून नंतर रिव्हेटने जोडायचे आहेत. त्यांच्या झाकल्या जाणाऱ्या कडांवर मी डेरिनाफ्लानच्या सोनारासारख्या खुणा कोरल्या आहेत, क ला क, ख ला ख. आमच्या गुरूंनी भिंग लावून ती अक्षरं पाहिली, अर्थ विचारला नाही आणि जोडणीत कुठलं अक्षर आधी ते तेवढं विचारलं.

राहिलं आहे ते बूड. तिथे चांदीच्या तारेचं काम करायचं मनात आहे. त्यासाठी अर्ध्या मिलिमीटरहून बारीक तार हवी. विकतची तार एकसारखी गोल आणि फार गुळगुळीत असते, तिच्यावर उजेड नुसता घसरतो. जुन्या कामातली तार मण्यांसारखी कंगोरेदार असते म्हणून ती चमकते. तेव्हा या हिवाळ्यात तार घरीच ओढायची, वळायची आणि तिच्यावर कंगोरे पाडायचे. त्यासाठी खाचांची पोलादी पट्टी कानसून घ्यायला सुरुवात केली आहे.